६८ सॅक आणि माझा अंगठा

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक; फेकण्याआधीच बचावाने त्याला पाडले की तो सॅक. आपल्या शिकागो बेअर्सचा क्वार्टरबॅक कॅलेब विल्यम्स पहिल्याच, २०२४ च्या हंगामात ६८ वेळा सॅक झाला, आणि त्यांतल्या किती सॅकचा दोष त्याचा व किती त्याला राखणाऱ्या लाइनचा, हे मी प्रत्येक सॅकची वेळ मोजून ठरवतो आहे. मागच्या नोंदीत मी मोठ्या दिमाखाने जाहीर केले होते की त्या सर्व ६८ सॅकची खतावणी पूर्ण झाली असून पुढच्या वेळी थेट निकालच मांडीन. तो निकाल आज मांडता येणार नाही. दोन हिवाळे खपून जमवलेल्या वेळांपैकी सॅकच्या जवळजवळ सगळ्या वेळा चुकल्या आहेत असे गेल्या शनिवारी लक्षात आले, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या सगळ्या एकाच बाजूला चुकल्या आहेत. चूक इकडेतिकडे विखुरलेली असती तर बेरजेत जिरून गेली असती; एकाच दिशेची चूक मात्र बेरजेबरोबर वाढतच जाते.

आपला नियम जुनाच आहे. स्नॅपपासून, म्हणजे लाइनच्या मधल्या खेळाडूने (सेंटरने) चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिल्यापासून, अडीच सेकंदांच्या आत सॅक झाला तर तो लाइनच्या नावे टाकायचा, त्यानंतर झाला तर क्वार्टरबॅकच्या नावे. ही सीमा माझ्या मनाची नाही; लाइनमनने आपला माणूस रोखून धरला की नाही हे ठरवताना ईएसपीएन ही क्रीडावाहिनीही अडीच सेकंदच धरते. पहिली पकड बसली की वेळ संपली, हेही आपण मागेच ठरवले होते. तेव्हा नियमात खोट नव्हती. खोट निघाली ती माझ्या उजव्या अंगठ्यात.

झाले असे की माझी बारा वर्षांची लेक शाळेच्या धावण्याच्या सरावासाठी माझे स्टॉपवॉच मागायला आली. मी त्या वेळी १० नोव्हेंबरचा पेट्रियट्सविरुद्धचा सामना पुन्हा लावून बसलो होतो, म्हणजे आपण १९-३ असा हरलो आणि कॅलेब ९ वेळा सॅक झाला तो. घड्याळ नीट चालते का हे पाहण्यासाठी तिने पडद्यावरच्या एका सॅकवर बटण दाबून पाहिले. तिची वेळ आली २.७०, माझ्या वहीत त्याच सॅकपुढे २.४१ लिहिलेले होते. तिला सराव नाही असे समजून मी पुन्हा दाबायला सांगितले, तर २.६८ आले. मग मी स्वतः दाबले आणि माझे पुन्हा २.४ च्या आसपासच आले. "बाबा, तो पकडायच्या आधीच तू दाबतोस," एवढे बोलून ती घड्याळ घेऊन निघूनही गेली, आणि मी वहीकडे बघत बसलो.

तिचे म्हणणे खरे होते, पण त्यामागचे कारण उमगायला मला रात्र लागली. स्नॅप अचानक होतो. सेंटरच्या हातातून चेंडू निघालेला डोळ्यांना दिसणे आणि अंगठा खाली जाणे यांत माणसाचे साधारण ०.२ सेकंद जातात. फेकीच्या वेळी चेंडू हातातून सुटणेही तितकेच अचानक असते, म्हणून शेवटचे बटणही तेवढ्याच उशिरा दाबले जाते आणि दोन्ही उशीर एकमेकांची फिटंफाट करतात. त्यामुळे फेकींच्या वेळा ठीक आहेत, हे त्यातल्या त्यात समाधान. सॅक मात्र येताना दिसतो. लाइनच्या टोकाच्या खेळाडूला (टॅकलला) वळसा घालून कडेने धावून येणारा बचावपटू (एज रशर) आत शिरला की पुढचे चित्र डोळ्यांपुढे आधीच उभे राहते, अंगठा तयारीतच असतो आणि पकड बसण्याच्या क्षणी, कधी त्याच्याही आधी, बटण दाबले जाते. सुरुवात उशिरा आणि शेवट वेळेवर, म्हणजे मोजलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा नेहमीच तोकडी. खरा २.६ चा सॅक वहीत २.४ होऊन बसतो आणि क्वार्टरबॅकच्या नावचा डाग लाइनच्या कपाळी लागतो.

यातली सर्वांत बोचणारी बाब मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. कॅरोलिना पँथर्सच्या ब्राइस यंगचे किंवा डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या बो निक्सचे सॅक मी पहिल्यांदाच पाहत मोजले होते. कॅलेबचे मात्र मी हंगामभर दर रविवारी जीव मुठीत धरून पाहिलेले, नंतर पुन्हा पाहिलेले, काही तर तोंडपाठ झालेले. जो सॅक पाठ आहे त्याच्यावर अंगठा अधिकच लवकर पडतो. म्हणजे ज्याच्याविषयी मी निःपक्षपातीपणाच्या एवढ्या बाता मारल्या त्यालाच माझ्या अंगठ्याने सर्वांत जास्त सूट दिली होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण स्टॉपवॉचलाही लागू पडेल असे वाटले नव्हते.

उपाय एकच होता, तो म्हणजे फ्रेम मोजणे. यूट्यूबवर चित्रफीत थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे सरकता येते, पण तिथल्या क्षणचित्रांत सगळे सॅक नसतात. ज्या सेवेला मी कोचेस फिल्मसाठी, म्हणजे मैदानावरचे सगळे खेळाडू दिसणाऱ्या चित्रीकरणासाठी, दरवर्षी पैसे मोजतो तिच्यात फ्रेमने सरकण्याची सोयच नाही. दहा सेकंद मागे, दहा सेकंद पुढे, एवढ्यावर खेळाचा अभ्यास करा म्हणतात. त्यांच्या मदत विभागाला मी पत्र पाठवले, तर ब्राउझर अद्ययावत करून पाहा असे उत्तर आले. शेवटी तांदळाच्या डब्याला फोन टेकवून लॅपटॉपचा पडदाच सेकंदाला ६० फ्रेमने चित्रित केला. मूळ चित्रफीत ३० फ्रेमची असल्यामुळे प्रत्येक फ्रेम दोनदा उमटते, त्यामुळे जोड्या मोजल्या की झाले; अडीच सेकंद म्हणजे बरोबर ७५ जोड्या. पडद्यावर दिव्याचे प्रतिबिंब पडत होते, म्हणून खोलीत अंधार केला आणि स्वयंपाकघरातून डब्याची दोनदा चौकशी झाली, पण पहिल्याच प्रयत्नात ८२ व्या जोडीवर पकड बसलेली स्पष्ट दिसली. ८२ भागिले ३०, म्हणजे २.७३. लेकीचे २.७० होते. तिला जाऊन सांगितले तेव्हा तिने मानही वर केली नाही, तरी मला फार बरे वाटले.

त्या सामन्यातले नऊच्या नऊ सॅक आता फ्रेमने मोजून झाले आहेत आणि त्यांतल्या दोघांनी खाते बदलले आहे. उरलेल्या एकोणसाठांचे काय होते ते पाहायचे, पण ओघ कुठे चालला आहे हे उघड आहे, आणि शिकागोकरांना तो रुचणार नाही. ६८ हा आकडा लहान नव्हे. रुकीला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूला, यापेक्षा जास्त सॅक सोसावे लागले ते फक्त डेव्हिड कारला, २००२ मध्ये ७६. वर्षभर आपण सगळा राग लाइनवर, नोव्हेंबरमध्ये आधी आक्रमणाचा प्रशिक्षक वॉल्ड्रनवर आणि मग मुख्य प्रशिक्षक एबरफ्लसवर काढला, आणि तो राग सर्वस्वी चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. परंतु पॉकेट, म्हणजे लाइनने क्वार्टरबॅकभोवती राखलेली जागा, शाबूत असताना पुढे पाऊल टाकण्याऐवजी मागे मागे सरकत जाणे आणि काहीतरी अचाट घडेल या आशेवर चेंडू धरून ठेवणे ही सवय त्याची स्वतःची आहे. यूएससी विद्यापीठात असताना हीच सवय कौतुकाचा विषय होती, आणि तिच्यातूनच ते डोळे दिपवणारे डाव निघत असत हेही नाकारता येत नाही.

माणसाचे किती आणि घराचे, म्हणजे संघाचे, किती, हा आपला मूळ प्रश्न आहे. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, आधी हाताची ताकद, उंची आणि धावण्याचा वेग यांवर रकानेच्या रकाने भरतात. मला मात्र दिवसेंदिवस असे वाटू लागले आहे की तरुण क्वार्टरबॅकबरोबर एका गावाहून दुसऱ्या गावाला सर्वांत इमानाने प्रवास करते ती त्याची सॅकची सवय. एकाच ड्राफ्टच्या वर्गातली जोडी पाहा. कॅलेब २०२४ मध्ये ५६२ फेकींमागे ६८ वेळा सॅक झाला, म्हणजे फेकी आणि सॅक मिळून १०.८ टक्के; बो निक्स ५६७ फेकींमागे फक्त २४ वेळा, म्हणजे ४.१ टक्के. डेन्व्हरची लाइन आपल्यापेक्षा चांगली होती हे मान्य, पण एवढी तफावत एकट्या लाइनने पडत नाही. निक्सचा चेंडू ऑरेगन विद्यापीठातही हातात फार वेळ राहत नसे. पहिल्या क्रमांकावर घेतलेला आणि बाराव्यावर घेतलेला यांतला हा फरक ड्राफ्टच्या रात्री कोणी मोठ्याने बोलले नव्हते. मीही नाही; निक्सला पहिल्या फेरीत घेणे हा डेन्व्हरचा प्रशिक्षक शॉन पेटनचा हट्ट आहे असे मीच इथे लिहिले होते, ते वाक्य आज मागे घेतो.

कॅलेबच्या आधी आपला क्वार्टरबॅक असलेल्या जस्टिन फील्ड्सचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तिथे माणूस तोच आणि घर वेगळे. आपल्याकडे २०२२ मध्ये ३१८ फेकींमागे ५५ सॅक, १४.७ टक्के. पिट्सबर्गमध्ये २०२४ साली १६१ फेकींमागे १६, म्हणजे ९ टक्के. घर बदलल्यावर आकडा उतरला, पण चांगल्या क्वार्टरबॅकच्या पातळीपर्यंत नाही उतरला. उलट बाजूला ब्राइस यंग आहे, ज्याचे घर तेच राहिले पण भिंती नव्या आल्या. २०२३ मध्ये ६२ सॅक खाल्ल्यावर पँथर्सनी रॉबर्ट हंट आणि डेमियन लुईस हे लाइनच्या आतल्या बाजूचे दोन खेळाडू (गार्ड) मोठी किंमत देऊन आणले. तरीही दोन सामन्यांनंतर त्याला बाकावर बसवले, आणि त्याच्या जागी आलेल्या अँडी डाल्टनच्या मागे काही आठवडे काढून परतलेला यंग वेगळाच दिसला, चेंडू लवकर सोडणारा आणि पॉकेटमध्ये पुढे पाऊल टाकणारा. यातले श्रेय गार्डांना किती आणि बाकावरच्या त्या आठवड्यांना किती, हे माझी वही सांगू शकत नाही, कारण यंगचे सॅकही याच अंगठ्याने मोजले आहेत.

इथे कोणीतरी बफलोच्या क्वार्टरबॅक जॉश ॲलनचे नाव काढणार हे मला ठाऊक आहे. ५२.८, ५८.८ आणि ६९.२, ही त्याची पहिल्या तीन वर्षांतली पूर्ण फेकींची टक्केवारी प्रत्येक निराश चाहत्याने ताईतासारखी गळ्यात बांधली आहे. २०२० मध्ये चेंडू झेलणारा स्टेफॉन डिग्ज आला आणि ॲलन उजळला, म्हणून आपलाही उजळेल, असा तो हिशेब असतो. हा हिशेब झॅक विल्सनसाठी न्यूयॉर्कमध्येही मांडला गेला होता. ट्रे लान्स या क्वार्टरबॅकसाठी सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सनी बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर चढण्यासाठी पहिल्या फेरीच्या आणखी दोन निवडी मोजल्या आणि अखेर २०२२ च्या ड्राफ्टमधल्या अगदी शेवटच्या, २६२ व्या निवडीच्या ब्रॉक पर्डीने त्यांची गाडी चालवली. मला ॲलनपेक्षा सॅम डार्नल्डकडून शिकण्यासारखे जास्त वाटते. २०१९ मध्ये पेट्रियट्सपुढे आपल्याला भुते दिसताहेत असे म्हणणारा हा मुलगा २०२४ मध्ये मिनेसोटाला १४ विजय आणि गोल-रेषेपार नेणाऱ्या ३५ फेकी (टचडाउन) देतो, म्हणजे गुण होतेच. आणि मग प्लेऑफमध्ये रॅम्सपुढे एकाच सामन्यात ९ वेळा सॅक होतो. त्यातले किती सॅक कोणाच्या नावे टाकायचे हे मी ठरवले होते. आता तेही पुन्हा मोजणे आले.

हे लिहिता लिहिता एक नवीच शंका डोक्यात शिरली आहे आणि ती बेत बदलायला लावणार असे दिसते. २०२५ च्या हंगामासाठी आपला मुख्य प्रशिक्षक झालेल्या बेन जॉन्सनने डेट्रॉइटमध्ये क्वार्टरबॅकला सेंटरच्या अगदी मागे उभे करून प्ले-ॲक्शन, म्हणजे चेंडू धावपटूच्या हाती (हँडऑफ) दिल्याचे नाटक करून फेकणे, भरपूर वापरले. तसे इथेही केले तर कॅलेबची पाठ काही क्षण बचावाकडे असेल आणि खोटा हँडऑफ दाखवण्यात वेळ जाईल, तो वेगळाच. स्नॅपपासून अडीच सेकंद ही सीमा मग त्याच्यावर अन्याय करील. शॉटगनमधले, म्हणजे क्वार्टरबॅक सेंटरपासून दूर मागे उभा असतानाचे, अडीच आणि प्ले-ॲक्शनमधले अडीच एका तराजूत घालता येणार नाहीत. जो थनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डालमन हे नवे लाइनमन आल्यावर आतली लाइन सुधारेल आणि त्याच वेळी माझी मोजपट्टी उलट दिशेला खोटी पडेल, अशी नामुष्की मला नको आहे. त्यामुळे स्नॅपऐवजी ड्रॉप, म्हणजे फेकण्यासाठी मागे सरकणे, संपून मागचा पाय रोवला जातो त्या फ्रेमपासून मोजावे असे वाटते. तो पाय मैदानाच्या टोकामागच्या कॅमेऱ्यात छान दिसतो; ज्या डावात क्वार्टरबॅक बाजूला पळतच सुटतो तिथे मात्र रोवलेला पाय सापडणारच नाही, आणि असे डाव कॅलेबचेच जास्त. त्यांच्यासाठी तिसरे खाते उघडावे लागेल.

वर एकोणसाठ सॅक पुन्हा मोजायचे लिहिले आहे, ते आता असे वाचावे: प्रत्येक सॅकसाठी स्नॅप, रोवलेला पाय आणि पहिली पकड या तीन फ्रेम नोंदवायच्या आणि अडीचची सीमा तूर्त बाजूला ठेवायची. रोज रात्री चार सॅक या गतीने काम झाले तर ८ सप्टेंबर २०२५ च्या सोमवारच्या आत २०२४ चा हिशेब मिटेल. त्या रात्री आपल्या सोल्जर फील्ड मैदानावर मिनेसोटा व्हायकिंग्ज येत आहेत आणि मागचा पूर्ण हंगाम गुडघ्यापायी गमावलेला त्यांचा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळेल, तेव्हा एकाच वर्गातले दोघे एकाच मैदानावर मोजायला मिळतील.

डेन्व्हर आणि वॉशिंग्टनच्या सामन्यांच्या वह्या ठेवणाऱ्यांनी फेकींच्या वेळा पाठवत राहावे, त्या चालतील. सॅकच्या वेळा स्टॉपवॉचने घेतलेल्या असतील तर मात्र कृपया पाठवू नयेत. त्याऐवजी डावाचा क्वार्टर आणि घड्याळावरची वेळ कळवावी, म्हणजे मी डब्याला फोन टेकवून त्या स्वतः मोजीन.