दादर टीटी ते आणिक आगार, सायकलने

मुंबईत बस चालवणाऱ्या आणि वीज पुरवणाऱ्या बेस्टचं स्वतःचं म्युझियम आहे, हे मुंबईत जन्म काढलेल्यांनाही सांगावं लागतं. वडाळ्याच्या पुढे, भक्ती पार्कजवळच्या आणिक आगाराच्या इमारतीत ते आहे. दादरपासून अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटर. सराईत सायकलवाला अर्ध्या तासात पोचेल. आम्ही तीन तास लावले आणि त्याबद्दल आम्हाला काडीचीही खंत नाही.

'आम्ही' म्हणजे मी आणि कुर्ल्याचा एक मित्र. निघायचं ते दादर टीटीवरून, म्हणजे जुन्या ट्राम टर्मिनसवरून, असा माझा हट्ट होता. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघालेली शेवटची ट्राम दादरला येऊन थांबली आणि मुंबईतली ट्राम संपली. आज तिथे उड्डाणपूल आहे आणि त्याच्या सावलीत पुण्याची गिऱ्हाईकं शोधणारे टॅक्सीवाले. आमच्या पाठीवरच्या सॅक पाहून एकाने आम्हालाही 'पुणे, पुणे?' केलं. सायकली दिसत असूनही! धंद्यातल्या चिकाटीला मानलं पाहिजे.

पुढे पाच बगिच्यांभोवती, म्हणजे फाइव्ह गार्डन्सला, रविवारी सकाळी नुसतं गोल गोल फिरलं तरी पैसे वसूल. दुतर्फा मोठी झाडं, पारसी कॉलनीच्या जुन्या गॅलऱ्या, आणि वाहनांपेक्षा चालणारी माणसं जास्त. १८९६ च्या प्लेगनंतर गजबजलेल्या मुंबईला मोकळी हवा मिळावी म्हणून शहर सुधारणा ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. ती किती नेटकी होती हे सायकलवर कळतं, गाडीतून नाही. तिथून माटुंगा, म्हणजे इडली आणि फिल्टर कॉफी. 'पहिला हॉल्ट दोन किलोमीटरवर?' असं मित्र म्हणाला खरा, पण दुसरी प्लेट त्यानेच मागवली.

पुढचा पट्टा मात्र निबर आहे. अँटॉप हिल मागे पडलं की वडाळ्याचा ट्रक टर्मिनल लागतो. ओळीने उभे ट्रेलर, रस्त्याच्या कडेला दात घासणारे क्लीनर, चाकाखाली बारीक वाळू. इस्टर्न फ्रीवेच्या बाजूला चुकूनही वळू नका, सायकलला तिथे मज्जाव आहे. डोक्यावर मोनोरेलचे खांब दिसायला लागले आणि खाडीचा खारट वास आला की समजायचं, आलंच.

गेटवर सुरक्षारक्षकाने विचारलं, 'कुठं?'

'म्युझियम बघायला.'

त्याने आधी सायकलींकडे, मग आमच्याकडे बघितलं. 'तिकडं लावा. नाव लिहा इथं.' झालं प्रवेशाचं काम.

आत ट्राम आणि बसच्या छोट्या प्रतिकृती, जुने फोटो, तिकिटं, तिकिटांची यंत्रं, विजेचे मीटर. सुरुवात घोड्यांच्या ट्रामपासून. ९ मे १८७४ ला ती सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून पायधुणीला. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, आणि सुरुवातीला तिकीटच नव्हतं. नंतर ते आलं. उतारूंच्या प्रामाणिकपणावर कंपनीचा विश्वास किती टिकला असेल, याचा अंदाज आपला आपण करावा.

७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली, १९२० मध्ये तिला वरचा मजला चढला. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली आणि १९३७ मध्ये डबलडेकर बस आली. ह्या तारखा कुठेही मिळतील. मला खिळवलं ते ट्राम आणि ट्रॉलीबस (वरच्या तारेतून वीज घेणारी बस) यांच्यातल्या एका फरकाने. ट्रामच्या टपावर एकच दांडा, ट्रॉलीबसच्या टपावर दोन. असं का? ट्राम वरच्या तारेतून वीज घेते आणि तिचा परतीचा मार्ग चाकांमधून रुळांत जातो. ट्रॉलीबसला रबरी टायर, रूळ नाहीत, मग वीज परत जाणार कुठून? म्हणून दुसरी तार आणि दुसरा दांडा. ही ट्रॉलीबस ११ जून १९६२ ला गवालिया टँक ते माझगाव डॉक अशी निघाली आणि १९७१ मध्ये बंदही झाली. रूळ नकोत म्हणून आणलेली गाडी तारेला मात्र बांधलेलीच राहिली.

नातवाला घेऊन आलेले एक आजोबा शेजारी उभे होते. म्हणाले, 'शेवटच्या स्टॉपवर कंडक्टर दोरीने तो दांडा खाली ओढायचा आणि गोल फिरवून उलट्या दिशेला लावायचा. ट्राम वळायची नाही, दांडा वळायचा. आम्ही पोरं तेच बघायला थांबायचो.' नातवाला त्यात रस नव्हता, तो तिकिटांच्या पेटीवर डोळा ठेवून होता. ती पेटी तर मलाही सोडवेना. अरुंद पत्र्याचे कप्पे, प्रत्येक भाड्याच्या तिकिटाचा रंग निराळा, गठ्ठे वरून दाबून बसवलेले. आणि तो तिकिटाला भोक पाडायचा चिमटा! गर्दीत कंडक्टर दिसायच्या आधी त्याचं 'टिक टिक टिक' ऐकू यायचं आणि आपोआप हात खिशात जायचा. पुढे हातातली मशीन्स आली आणि तो आवाज गेला.

बहुतेक लोक इथेच परत फिरतात. मीटरच्या भागात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या नावातच, 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज', वीजपुरवठा आणि ट्राम दोन्ही होतं. ट्रामला वीज लागणार म्हणून वाडीबंदरला वीजकेंद्र उभं राहिलं आणि तीच वीज घरांना, दुकानांनाही विकली गेली. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, सगळा कारभार महापालिकेकडे आला. ट्राम गेली, विजेचा धंदा राहिला. पुढे बसच्या तोट्याला वर्षानुवर्षं त्याच विजेच्या कमाईने हातभार लावला. म्हणजे लोक बस बघायला येतात आणि बस ज्याच्या जिवावर चालली तो काळा, जाडजूड काचेचा मीटर न बघता जातात. एका मीटरवरचे आकडे आम्ही काचेला नाक लावून वाचत होतो, तेव्हा तिथला कर्मचारी हसून म्हणाला, 'बिल भरायचंय का?'

बाहेर पडून टपरीवर कटिंग घेतली. समोरून एक एसी इलेक्ट्रिक बस गेली, जवळपास आवाज न करता. २०२३ च्या फेब्रुवारीत विजेची डबलडेकर रस्त्यावर आली, त्याच वर्षी सप्टेंबरात डिझेलवरची जुनी डबलडेकर निवृत्त झाली. तेव्हा किती जण फोटो काढायला धावले होते! ट्रॉलीबससाठी कुणी धावलं होतं का, ते आजोबांना विचारायला हवं होतं.

परतताना शीवपर्यंत एकत्र आलो. सिग्नलला मित्राला एकदम सुचलं, 'आमच्या कुर्ल्यात बस बेस्टची, मग लाइटबिल दुसऱ्या कंपनीचं कसं?'

'कारण १९०५ चा परवाना तेव्हाच्या मुंबई शहरापुरता होता. तुम्ही उपनगरवाले मुंबईत आलात ते नंतर.'

'म्हणजे पुन्हा आम्ही बाहेरचेच,' असं म्हणून त्याने पेडल मारलं, आणि जाता जाता ओरडला की पुढच्या रविवारी नाश्ता कुर्ल्यात, आणि बिल शहरवाल्याने द्यायचं.