चौधरी एस. आर. आणि पाटील एस. व्ही. : माझा अनुभव

"मॅडम, ही चौधरी कोण?"

आस्थापनेच्या टेबलावरून प्रश्न आला आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "मीच."

सहयोगी प्राध्यापकपदासाठी अर्ज करायचा होता, त्याला शोधनिबंधांची यादी जोडायची होती. मी खान्देशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात रेडिओलॉजी शिकवते. कामाचा विषय बायकांच्या ओटीपोटाची सोनोग्राफी, त्यातही अंडाशयाच्या गाठी. निबंध सगळे मिळून 7. एका संध्याकाळचं काम वाटलं होतं, लागले 4 महिने.

पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत लेखकाचं नाव म्हणजे आडनाव आणि फार तर 2 आद्याक्षरं. आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही. मधलं वडिलांचं नाव जाऊन तिथे नवऱ्याचं येतं. म्हणजे माझ्या नावातला फक्त 'एस' शिल्लक राहिला. रेसिडेंट डॉक्टर असतानाचे 3 निबंध चौधरी एस. आर.च्या नावावर, नंतरचे 4 पाटील एस. व्ही.च्या. आणि 'पाटील एस' शोधणं म्हणजे भुसावळ स्टेशनात "ओ पाटील!" अशी हाक मारणं. निम्मा फलाट मागे वळतो. गूगल स्कॉलरने तर माझ्या प्रोफाइलमध्ये केळीवरच्या करप्याचा एक निबंध आपणहून घालून ठेवला होता. रावेरला यजमानांच्या मामांची केळीची बाग आहे. तेवढे ते मात्र खूश झाले.

गंमत अशी, की हाच घोळ मी आधी दुसऱ्या बाजूने निस्तरला होता. 2008 साली 'आयोटा' या आंतरराष्ट्रीय गटाने अंडाशयाच्या गाठींसाठी 'सिंपल रूल्स' मांडले. गाठ साधी असल्याच्या 5 खुणा, कर्करोगाच्या 5. एकाच कप्प्याची गाठ, मागे पडणारी सावली, रक्तप्रवाह अजिबात नसणं या साध्या बाजूच्या. पोटात पाणी, आत वाढलेले 4 किंवा जास्त अंकुर, भरपूर रक्तप्रवाह या वाईट बाजूच्या. एकाच बाजूच्या खुणा दिसल्या तर निकाल लागतो. दोन्हीकडच्या दिसल्या, किंवा एकही दिसली नाही, तर नियम हात वर करतात. आमच्या पेशंटमध्ये हे कितपत चालतं ते पाहायचं, तर सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट एकाच बाईचा हवा. इथेच गाडी अडायची.

पारोळ्याकडची एक बाई सोनोग्राफीला माहेरून आली होती: माहेरचं नाव, भावाचा मोबाइल नंबर. ऑपरेशनला आली ती सासरहून, नवऱ्याच्या नावाने. रजिस्टरमध्ये झाल्या 2 बायका. मी जुन्या इमेज काढून बसले. उजव्या बाजूला 7 सेंटिमीटरची डर्मॉइड जातीची साधी गाठ, आत केस आणि चरबीचा पांढरा गोळा, त्याच्यामागे काळीकुट्ट सावली. पॅथॉलॉजीच्या कागदावरही उजवीच बाजू, डर्मॉइड, आत केस. भावाच्या नंबरवर फोन लावला, त्याने तिचा दिला. ती हसतच म्हणाली, "ताई, ती बी मीच शे, नि ही बी मीच शे."

आस्थापनेत मला हेच सांगायचं होतं, फक्त शासकीय मराठीत.

विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नोंद, मेडिकल कौन्सिलकडे बदलून घेतलेलं नाव, सगळं फाइलला लावलं. पण हे कागद आस्थापनेला पटतात, कॉम्प्युटरला नाही. स्कोपस या निबंधांच्या दुसऱ्या सूचीत माझे 2 लेखक-क्रमांक निघाले. ते एकत्र करायची विनंती त्यांच्या साइटवरूनच टाकता येते, तशी टाकली. दोन्हीकडे एच-इंडेक्स 2 होता, जोडल्यावर 3 झाला. म्हणजे किमान 3 निबंधांचा प्रत्येकी 3 वेळा तरी कुणी हवाला दिलाय. मिरवण्यासारखा आकडा नाही, पण त्यातला निम्मा मी कुणा चौधरीला देऊन बसले होते. मग ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख-क्रमांक, काढला. 16 अंकी, फुकट, 2012 पासून मिळतो. नाव कितीही वेळा बदला, क्रमांक तोच राहतो, आणि जुनं नाव 'या नावानेही ओळख' म्हणून खाली लिहिता येतं. हे आधी कुणी का सांगितलं नाही, याचा राग मला अजून आहे.

सातवा निबंध मात्र यादीत टिकला नाही. तो पैसे भरून छापलेला. 5 दिवसांत स्वीकारला गेला होता, तेव्हाच शंका यायला हवी होती. त्या नियतकालिकाची नोंद फक्त इंडेक्स कोपर्निकस या सूचीत होती. बढतीसाठी कुठल्या सूची चालतात, त्या मेडिकल कौन्सिलच्या 2015 च्या यादीत कोपर्निकस होतं, 2020 च्या यादीतून गेलं. छाननीत निबंध बाजूला पडला. त्याचं फारसं दुःख नाही. पण त्यात 60 बायकांचे रिपोर्ट होते, आणि ते पुन्हा कुणी उघडून बघणार नाही.

गेल्या महिन्यात आमची एक रेसिडेंट लग्नाची पत्रिका घेऊन आली. मुलगा चोपड्याचा. तिचा पहिला निबंध नुकताच स्वीकारला गेलाय. हळदकुंकू लावलेली पत्रिका हातात घेत मी विचारलं, "ऑर्किड काढलंस का?"

"नाही मॅडम," ती म्हणाली, "स्टेजला झेंडूच सांगितलाय."