सगळेच एक नंबर

मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा टाकून पान सजवायची पद्धत) क्रमांकाची यादी करताना मी प्रत्येक ओळीला १ च देते. १, १, १, १, खालपर्यंत. बघणाऱ्याला वाटतं हिला मोजता येत नाही बहुतेक, पण पान तयार झालं की १, २, ३, ४ असं शहाण्यासारखं दिसतं, कारण कॉमनमार्क या मार्कडाउनच्या नियमावलीत फक्त पहिल्या ओळीचा आकडा बघतात, पुढे तुम्ही काहीही टाका. (आकडा इंग्रजी हवा हां, देवनागरी १ टाकलात तर त्याला ती यादीच वाटत नाही.)

ही सवय आळसातून लागलेली नाही, मार खाऊन लागलीये. आधी मी प्रामाणिकपणे १ ते १२ नंबर द्यायचे आणि पोटयादी तीन स्पेस आत घ्यायचे, नऊपर्यंत सगळं छान आणि दहाव्या मुद्द्याचे उपमुद्दे मात्र बाहेर येऊन पडायचे. अर्धा तास डोकं खाजवलं तेव्हा कळलं की पोटयादी वरच्या ओळीच्या मजकुराखाली यावी लागते आणि १० ला दोन अंक, म्हणजे स्पेस चार. सगळीकडे १ असला की हा घोळच नाही.

आस्कीडॉक या तशाच दुसऱ्या पद्धतीचे लोक जास्त हुशार, तिथे आकडाच लिहायचा नाही. एक टिंब म्हणजे पहिली पातळी, दोन टिंबं म्हणजे दुसरी, असं पाचपर्यंत, आणि आधी आकडे मग छोटी एबीसीडी मग छोटे रोमन मग मोठी एबीसीडी मग मोठे रोमन हे ते आपलं आपण लावतं. मला हे फार आवडतं, कारण अक्षरं हाताने लिहायला गेलं की भानगडी सुरू. छोटा आय हा एच नंतरचा नववा की रोमन एक? रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही आणखी एक पद्धत म्हणते यादीच आयने सुरू झाली तर रोमन. पॅनडॉकमध्ये (एका पद्धतीतली फाइल दुसरीत बदलणारा प्रोग्राम) मोठं अक्षर आणि टिंब दिलं तर पुढे दोन स्पेस लागतात, नाहीतर कुणाच्या नावाचं आद्याक्षर ओळीच्या सुरुवातीला आलं की त्याचीच यादी व्हायची!

माझ्या पद्धतीत एकच खोट आहे. परवा ऑफिसात एकाला कच्ची फाइल तशीच पाठवली, तर त्याचा मेसेज, "१ मधल्या १ मधला १ पटला नाही." कुठला ते मी अजून शोधतेय.