तुम्ही विचारलंत म्हणून: येशूच्या आधी जे मेले त्यांचं काय?

ख्रिस्ती आहे कळलं की हा प्रश्न येतोच. येशूशिवाय तारण, म्हणजे पापातून सुटका, नाही म्हणता ना, मग त्याच्या आधी मेलेल्यांचं काय? बहुतेकांना वाटतं आमच्याकडे दोन स्कीम आहेत, जुन्या करारात (बायबलचा येशूच्या आधीचा भाग) नियमशास्त्र, म्हणजे मोशेच्या हातून आलेले देवाचे नियम, पाळा आणि कोकरं अर्पण करा, नव्यात फक्त विश्वास ठेवा. चर्चमधलेही कैक जण असंच धरून चालतात. 1909 च्या स्कोफिल्ड बायबलात (तळटीपा असलेलं इंग्रजी बायबल) योहान 1:17 वरची टीप तर चक्क अशी होती की आता कसोटी नियमशास्त्र पाळण्याची नाही, ख्रिस्ताला स्वीकारण्याची आहे, म्हणजे आधी ती होती असंच कोणीही वाचणार ना! त्यावर बरीच टीका झाली, 1967 च्या आवृत्तीत टीप बदलली.

येशूचा प्रेषित पौल मात्र बायबलातल्या रोमकरांस पत्रात, चौथ्या अध्यायात, नुसता क्रम लावून दाखवतो. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याने देवावर विश्वास ठेवला आणि तो विश्वासच नीतिमत्त्व म्हणून गणला गेला हे उत्पत्ती 15 मध्ये, सुंता आली 17 मध्ये, आणि नियमशास्त्र तर (हा आकडा गलतीकरांस पत्रातला) 430 वर्षांनी. मग अब्राहामाने पाळलं काय? पाळायला काही नव्हतंच. किराण्याच्या वहीवर माल आधी उचलावा तसं झालं, हिशेब पुढे येशूच्या क्रूसावर चुकता झाला. मधल्या काळात ही मंडळी अधोलोकात थांबली होती की थेट देवाजवळ गेली यावर कॅथलिक आणि कॅल्व्हिनवाले (प्रोटेस्टंटांतला एक गट) अजून भांडतात, मला त्यात फारसा रस नाही.

खरं सांगू का, विचारणाऱ्याला अब्राहामाचं काही पडलेलं नसतं, त्याला येशूचं नाव न ऐकताच गेलेल्या स्वतःच्या पणजीचं, आजीच्या आईचं, विचारायचं असतं.

जुन्या गोव्यात ज्याचं शव आहे त्या फ्रान्सिस झेवियर या मिशनऱ्यालाही जपानमध्ये हेच विचारलं गेलं. जानेवारी 1552 मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की नवे ख्रिस्ती लोक रडत विचारायचे, आमचे मेलेले आईबाप, पोरंबाळं प्रार्थनेने तरी सुटतील का, आणि हा म्हणायचा नाही, काहीच उपाय नाही. त्यांचं रडणं बघून आपल्यालाही रडू आवरत नाही असंही लिहितो. आणि त्याच पत्रात हेही आहे की चीनमधून धर्म येण्याआधीही खून-चोरी वाईट हे जपानी माणसाला कळत होतं, ते देवानेच शिकवलेलं. अहो मग तोच धागा पुढे ओढायचा ना! त्याने नाही ओढला. कॅथलिक चर्चने ओढला, 1964 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत: स्वतःचा दोष नसताना ज्याला सुवार्ता कळलीच नाही पण जो मनापासून देवाला शोधतो आणि सद्सद्विवेकाने वागतो त्यालाही तारण मिळू शकतं. आम्हा प्रोटेस्टंटांत अजून एकमत नाही.

म्हणून पणजीबद्दल विचारलंत तर मी नरकात धाडत नाही आणि स्वर्गाची पावतीही फाडत नाही. देव ज्याचा नाश करणार होता त्या सदोम शहरासाठी घासाघीस करताना अब्राहामानेच देवाला विचारलं होतं ना, सगळ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? मी तिथवरच जातो. त्यापुढचं छातीठोक सांगणारा कोणी पाळक (पास्टर) भेटला तर त्यालाच विचारा, तुम्हाला हे कोणी सांगितलं.