धने घातलेली जिन

भाचा स्कॉटलंडहून साताऱ्याला आला, कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स घेऊन गेला आणि ह्यांच्यासाठी जिनची बाटली ठेवून गेला. तिकडं कुठल्याशा लांबच्या बेटावर एक नवरा-बायको थोडी थोडी करून काढतात म्हणे. मला वाटलं व्हिस्की सोडून जिन का, तर स्कॉच ओकच्या पिंपात निदान ३ वर्षं मुरल्याशिवाय विकताच येत नाही, तोवर हप्ते कोण भरणार, जिन मात्र काढली की भरली बाटलीत. मुख्य वास ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा, म्हणजे आयुर्वेदातली हपुषा, आणि सोबत चक्क धने! हॅरिस बेटावरचे तर २०१५ पासून समुद्री शेवाळ पण घालतात. पहिली धार बाजूला काढायची, शेवटची पण, मधलीच ठेवायची.

हे लगेच, "अगं, आपण पण..."

"अहो, त्याला आपल्याकडं हातभट्टी म्हणतात, आत जाल."

झाकण उघडलं तर आधी लाकडाच्या वखारीसारखा वास, मग लिंबाची साल, आणि अगदी शेवटी खलबत्त्यात धने कुटताना येतो ना, तो. बाटली सध्या तांदळाच्या डब्यामागं आहे, रविवारी सासूबाई येणारेत.