इंजिनाला उलट विचारताना

बुद्धिबळाचे इंजिन, म्हणजे चाली शोधणारा संगणक प्रोग्राम, चालू ठेवले की मोबाइल तापू लागतो, आणि अमळनेरच्या मे महिन्यात, पारा ४४ अंशांच्या आसपास रेंगाळत असताना, तर तो हातात धरवत नाही. आमच्या आळीत दुपारी कूलरसमोर चटई टाकून पट मांडणाऱ्यांनी म्हणूनच एक रिवाज पाडला आहे, की डाव संपल्यावरही बराच वेळ इंजिन उघडायचे नाही. रिवाज मोबाइलच्या जिवासाठी पडला असला, तरी त्याचा खरा लाभ खेळणाऱ्यालाच होतो, असे माझे मत आहे.

इंजिनाच्या ताकदीविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने तेव्हाच्या विश्वविजेत्या कास्पारोव्हला सहा डावांच्या सामन्यात ३½–२½ असे हरवले, तेव्हा त्या कामासाठी खास संगणक बांधावा लागला होता. आज स्टॉकफिश नावाचे इंजिन फुकट मिळते, खिशातल्या मोबाइलवर चालते आणि कोणत्याही विश्वविजेत्याला भारी पडते. २०२० मध्ये त्याला न्यूरल नेटवर्कची, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रणालीची, जोड मिळाल्यापासून तर नुसती आकडेमोडच नव्हे, स्थिती जोखण्याची त्याची नजरही पालटली. एवढा गुरू घरी असताना आपण मात्र त्याच्याकडून बहुधा निकालपत्रकच मागतो. डाव संपला की तो इंजिनात टाकायचा, चुकीच्या चालींपुढची लाल चिन्हे मोजायची, अचूकतेची टक्केवारी पाहायची आणि नव्वदीच्या वर गेली तर ती चार जणांना दाखवायची. (समोरचा पहिल्या दहा चालींतच वजीर घालवून बसला असेल तर टक्केवारी चांगली येणारच, हे सांगायचे राहून जाते.)

शेजारचे नाना, रेल्वेतून निवृत्त झालेले, या टक्केवारीला दाद देत नाहीत. पोरांनी इंजिनाची चाल दाखवली की ते म्हणतात, “मशीन खरं सांगस भो, पन काबर ते नई सांगत.” (काबर म्हणजे का.) त्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. इंजिन कारण सांगत नाही, पण ते त्याच्याकडून काढून घेता येते, आणि त्याची युक्ती अगदी साधी आहे: इंजिनाची चाल पाहून थांबायचे नाही, आपल्या मनातली ‘वाईट’ चाल पटावर प्रत्यक्ष खेळायची आणि मग ते काय करते ते पाहायचे.

अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू लेगाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेला सापळा यासाठी उत्तम आहे. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे, मग घोडा एफ-३ वर (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी), उंट सी-४ वर आणि दुसरा घोडा सी-३ वर आणला. काळ्याने ई-५ आणि डी-६ ही प्यादी चालवून उंटाने जी-४ वरून पांढऱ्याचा घोडा वजिरापुढे जखडला आणि नंतर जी-६ ही निरुपद्रवी वाटणारी चाल केली. आता पांढरा जखडलेलाच घोडा उचलून ई-५ वरचे प्यादे मारतो. वजीर उघडा पडतो. इंजिन मात्र शांतपणे पांढऱ्याला थोडीशी आघाडी दाखवते, कारण ते गृहीत धरते की काळा वजिराला हात न लावता घोडा मारील, पांढऱ्याचा वजीर जी-४ वरचा उंट घेईल आणि हिशेब एका प्याद्यावर मिटेल. ज्याच्यासाठी हा सापळा अडीच शतकांहून अधिक काळ सांगितला जातो, ती मात इंजिनाने दाखवलेल्या त्या पहिल्या ओळीत कुठेच नसते. माझ्या पुतण्याने हट्टाने काळ्याच्या उंटाने वजीर मारला, तेव्हा पडद्यावर आघाडीचा आकडा जाऊन दोन चालींत मात असल्याचे चिन्ह उमटले: उंट एफ-७ वर, शह, राजा ई-७ वर, घोडा डी-५ वर, मात. डी-६ वर काळ्याचेच प्यादे राजाची वाट अडवून उभे होते, हे त्याने बोट ठेवून पाहिले, आणि ‘काबर’चे उत्तर त्याला तिथे मिळाले.

आकड्याचेही असेच आहे. इंजिनाचा +१ म्हणजे एका प्याद्याची आघाडी, असे आपण वर्षानुवर्षे धरून चाललो; पण २०२२ च्या अखेरीस आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून या आकड्याचा अर्थ बदलला असून, इंजिनांच्या आपसांतील डावात त्या स्थितीतून जिंकण्याची शक्यता निम्मी, असा तो आता घेतला जातो. इंजिनांच्या आपसांतील डावात, हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्या चालीला +०.८ मिळाले आहेत, पण पुढच्या सहा चालींत एकच वाट जिवंत ठेवते आणि बाकी सगळ्या खड्ड्यात नेतात, त्या चालीपेक्षा +०.३ ची, जिथे सोंगट्या आपोआप बऱ्या घरांवर जातात अशी चाल आमच्यासारख्याने घ्यावी, हे मी पोरांना निःसंकोच सांगतो. बरोबरीचे ०.०० हे तर सर्वांत फसवे आहे. राजावर चहूबाजूंनी धाड पडलेली असते आणि इंजिनाला तेवढ्यात निरंतर शहाची, म्हणजे शहामागून शह देत डाव बरोबरीत सोडवण्याची, वाट दिसलेली असते.

इंजिन उघडण्यापूर्वी डावातील शंकेच्या जागा वहीत लिहून काढणे मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. ‘इथे हत्ती खुल्या रांगेत न्यायचा होता, पण घोड्याची भीती वाटली’ अशी एक ओळ पुरे. नंतर ती भीती खरी होती का, हे इंजिनाला विचारता येते. नाही तर विचारायला आपल्याकडे प्रश्नच उरत नाही.

कमी ताकदीवर ठेवलेल्या इंजिनाशी पूर्ण डाव खेळण्यात मात्र मला रस वाटत नाही. ते दहा चाली उस्तादासारख्या खेळते आणि अकराव्या चालीला उगाच उंट फुकट देते. माणूस असा चुकत नाही. त्याऐवजी दोघांकडे एकेक हत्ती आणि आपल्याकडे एक प्यादे जास्त, असा जिंकता येणारा अखेरचा डाव मांडून पूर्ण ताकदीच्या इंजिनाशी खेळावे. पटावर राजे धरून सात सोंगट्या उरल्या, की बहुतेक सर्व स्थितींचा अंतिम निकाल तयार कोष्टकांत सापडतो, त्यामुळे आपण कोणत्या चालीला विजय हातचा घालवला ते तिथल्या तिथे कळते. नाना या खेळाला बसतात. मोबाइल ओल्या फडक्यावर ठेवलेला असतो, आणि राजा प्याद्याच्या पुढे न्यायचा की हत्तीने शह तोडायचे, यावर त्यांचा आणि पुतण्याचा वाद इंजिनाची चाल येऊन पडली तरी चालूच असतो.