चोरकोरची मातीची भट्टी

घानाची राजधानी असलेल्या अक्रा शहराच्या पश्चिम अंगाला, समुद्राला अगदी खेटून असलेल्या चोरकोर या कोळीवस्तीत मी पोहोचलो तो मंगळवार होता. इथल्या मूळच्या गा लोकांच्या श्रद्धेप्रमाणे तो समुद्राच्या विश्रांतीचा दिवस, म्हणून होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या आणि सवड मिळालेल्या बायका एका अंगणात मासे धुरावण्याची नवी भट्टी बांधत होत्या.

पूर्वीच्या गोल भट्ट्या लाकूड फार खात आणि मासे उलटताना हात भाजत. १९६९ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, घानाची अन्न संशोधन संस्था आणि इथल्याच बायका यांनी मिळून ही आयताकृती भट्टी घडवली, आणि आज ती वस्तीच्याच नावाने ओळखली जाते. लांबी रुंदीच्या दुप्पट, मधोमध एक भिंत आणि समोर लाकूड सारायला दोन तोंडे, एवढीच तिची रचना.

पायांनी तुडवून लोण्यासारखी मऊ केलेल्या चिकणमातीचे गोळे एकमेकांवर थापत भिंत थराथराने चढत होती. खालचा थर आवळल्याशिवाय वरचा घालायचा नाही, नाहीतर भिंत पोट काढते. सर्वांत जास्त वेळ गेला तो भिंतीचा माथा समतल करण्यात. ज्यांना सगळे ‘आंटी’ म्हणत होते त्या वयस्क बाईंनी मासे पसरायचा जाळीचा एक रिकामा ट्रे त्यावर ठेवला, वाकून फटीतून उजेड दिसतो का ते पाहिले, आणि जिथे दिसला तिथे ओल्या तळव्याने माती सारवली. ट्रेची लाकडी चौकट भिंतीच्या जाडीच्या बरोबर मध्यावर टेकली पाहिजे. ती आत सरकली तर जळते आणि माथ्याला फट राहिली तर धूर तिथूनच निसटतो. असे पंधरापर्यंत ट्रे एकावर एक रचले की त्यांचेच धुराडे होते आणि थोड्या लाकडात पुष्कळ मासळी निघते. स्वयंपाकघरातली चूल सारवताना आईचा हात असाच फिरत असे, हे पाहून मला भरून आले.

बुधवारी शेजारच्या जुन्या भट्टीवर आपल्या तारलीच्याच कुळातली मासळी चढली होती, आणि खालचे ट्रे वर, वरचे खाली असा फेरा चालू होता. नव्या भट्टीवर मात्र, उन्हाने तडे जाऊ नयेत म्हणून, ओली पोती पांघरलेली होती.